गाडी कुरकुरते तेव्हा
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोटारीचे शास्त्र मी शिकलेले नाही. पण आमच्याकडे जुनी मारुती ८०० आहे आणि जुन्या गाडीबरोबर दिवस काढले की तिचे दुखणे थोडेफार कळू लागते. तेवढेच आज सांगते.

ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आपल्या गावात जी फिरताना दिसते ती दहा वर्षांहून जुनीच. खाजगी गाडीला १५ वर्षे झाली की आरटीओकडे तपासणी करून नोंदणी ५ वर्षे वाढवून मिळते. पण मधल्या काळात गाडीच्या तब्येतीकडे आपणच लक्ष द्यायचे असते.

आमची गाडी दीड लाख किलोमीटर चालली आहे. सासूबाईंना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा तिच्यातूनच जळगावला नेतो. मागे पाळधीच्या रस्त्याला पुढून घुंऽऽ असा आवाज येऊ लागला. एका मिस्त्रींनी उभ्या गाडीचे इंजिन ऐकले आणि गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून घरात सगळे गप्प झाले. गाडी थांबवावी तर सासूबाईंना न्यायचे कसे?

पुढच्या फेरीला मी यांच्या शेजारी बसले. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते, तेव्हा ऐकण्याचे काम शेजारणीने करावे. रेडिओ बंद केला. गाडी उभी असताना आवाज नाही. वेग वाढला की वाढतो. गिअर बदलला तरी बदलत नाही. उजव्या वळणावर जास्त, डाव्या वळणावर कमी. हे सारे कागदावर लिहून आम्ही दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वाचले आणि पुढचे डावे चाक जॅकवर उचलले. हाताने फिरवले तर खरखर, हलवले तर डुलते. चाकाचे बेअरिंग गेले होते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून आवाज तिकडे वाढत होता. बेअरिंग बदलले आणि गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. पण असेच दामटले असते तर भर हमरस्त्यावर, ट्रकांच्या रांगेत, चाकाने दगा दिला असता.

आणखी काही खुणा सांगते. सकाळी गाडी सुरू करताच किंचाळली तर बहुधा पट्टा ढिला. पूर्ण वळताना कटकट वाजली तर एक्सलचा सांधा झिजला. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासले तर पॅड संपले, त्याच दिवशी दाखवा. इंजिनात ठकठक होऊन तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन तिथेच बंद करा. घर जवळ आहे म्हणून पुढे नेऊ नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर आपण रोगाचे नाव सांगत नाही. केव्हा दुखते, कशाने वाढते ते सांगतो. मिस्त्रींनाही तसेच सांगावे. कोणता भाग गेला हे त्यांनी शोधावे. आवाज केव्हा येतो, कशाने वाढतो, कशाने थांबतो, एवढे आपण लिहून न्यावे आणि मिस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारून आणावी. भाग बदलण्याआधी जुना भाग बघायला मागावा, त्यात भीड नको.