कोणी केलं, ते विचारा

आजचा विषय आहे व्हिडिओ गेममध्ये लपवून ठेवलेल्या गोष्टी आणि त्यांत होणाऱ्या गडबडी. वेळ थोडा आहे, म्हणून माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते. खेळात काही लपलेलं सापडलं, तर ते कोणी केलं हे विचारा. कसं उघडायचं हे मुलं विचारतातच. कोणी केलं, हे विचारत नाहीत.

इथं तंजावरला राजवाड्याच्या आवारात संध्याकाळी मुलं मोबाइल घेऊन बसतात. अमुक भिंतीतून आरपार जाता येतं, तमुक बटणं ओळीनं दाबली की जास्तीचे जीव मिळतात, अशी त्यांची बोलणी चाललेली असतात. घरची माणसं ओरडतात. त्या घरच्यांना मी हात जोडून सांगते, की बाबांनो, हे पोर एका अनोळखी माणसाचं काम बारकाईनं बघतंय. त्याला ओरडू नका, त्या माणसाचं नाव शोधायला लावा.

लपवलेली पहिली गाजलेली गोष्ट म्हणजे एक नावच होतं. अटारी कंपनीचा 'अॅडव्हेंचर' हा खेळ १९८० साली आला. तो वॉरन रॉबिनेट या एकट्या माणसानं लिहिला होता. त्या काळी अटारी खेळ लिहिणाऱ्यांची नावं कुठंच छापत नसे, ना खोक्यावर ना पुस्तिकेत. मग रॉबिनेट यांनी काय केलं? काळ्या किल्ल्याच्या भुलभुलैयात जमिनीच्याच रंगाचा एक बारीक ठिपका ठेवला. तो ठिपका उचलून ठराविक जागी नेला, सोबत आणखी वस्तू तिथं आणल्या, की एक भिंत ओलांडता येते. पलीकडे एक दालन आहे आणि त्यात रंग बदलत झळकणारं त्यांचं नाव. कंपनीत त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सॉल्ट लेक सिटीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं ते शोधून अटारीला पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीला कळलं. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेलेही होते.

त्याच्याही आधी, १९७७ च्या 'स्टारशिप १' या खेळात रॉन मिल्नर यांनी आपल्या नावाचा एक छोटा निरोप लपवला होता. तो जगापुढे आला २०१७ साली. चाळीस वर्षं एक माणूस त्या यंत्रात नावानिशी बसून होता आणि पैसे टाकून खेळणाऱ्यांना पत्ता नव्हता! आणि अटारीतलेच चौघे, डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड, १९७९ मध्ये बाहेर पडले आणि अॅक्टिव्हिजन उभी राहिली. पैशाचा प्रश्न होताच, पण नावाचाही होता. नव्या कंपनीनं खेळाबरोबर तो लिहिणाऱ्याचं नाव छापायला सुरुवात केली.

आता आमच्या गावाकडे या. बृहदीश्वराचं मंदिर १०१० साली पुरं झालं. राजराज चोळानं देवळाच्या सेवेत चारशे नर्तकी आणून वसवल्या आणि त्यांची नावं भिंतीवर कोरून ठेवली. नुसती नावं नाहीत. कुठल्या आळीत, कुठल्या ओळीत, कितवं घर, हेसुद्धा. मंदिर बांधणाऱ्या प्रमुख स्थपतीचंही नाव शिलालेखात आहे, कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. त्याच मंदिरात १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. त्यातही तो रचणाऱ्या बाबूराय चिटणिसाचं नाव आहे. हजार वर्षांपूर्वी दगडात घरक्रमांकासकट माणसं नोंदली गेली आणि पन्नास वर्षांपूर्वी एका श्रीमंत कंपनीला कागदाच्या खोक्यावर एक नाव छापता आलं नाही. याचा मला राग येतो आणि तो तुम्हालाही यावा असं वाटतं.

बरं, गडबडींचं काय? तिथंही माझं म्हणणं तेच.

आमच्याकडे रोज पहाटे दारात ठिपक्यांची रांगोळी पडते. आधी ठिपके मोजून मांडायचे, मग त्यांच्याभोवतीनं रेघ फिरवत न्यायची आणि निघाली तिथंच आणून मिळवायची. एका ओळीत ठिपका कमी पडला की रेघ भलतीकडे जाते, मिटतच नाही. पण ती कुठून बिघडली हे जाणत्या बाईला लगेच दिसतं, आणि रांगोळीखाली सही नसली तरी कोणाच्या हातची आहे हे आळीला ठाऊक असतं. खेळातली गडबड अशीच वाचायची असते. तोरू इवातानी यांचा १९८० चा 'पॅक-मॅन' घ्या. तोही ठिपक्यांचाच खेळ. २५६ व्या फेरीला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांनी आणि चिन्हांनी भरून जातो. कुणी म्हणतं भूत शिरलं, कुणी म्हणतं शाप आहे. काहीही नाही. फेरीचा आकडा यंत्र ज्या जागेत ठेवतं, तिथं ० ते २५५ एवढंच मावतं. खाली फळांची चित्रं काढताना तो आकडा एकनं वाढवला की शून्य होतो, आणि मोजणी चुकून यंत्र तब्बल २५६ चित्रं काढू लागतं. ती मावणार कुठं? ती उरलेल्या पडद्यावर सांडतात. मग फेरी पुरी करायला लागतील तेवढे ठिपके हाताशी राहतच नाहीत आणि खेळ तिथंच अडतो. कुठला ठिपका चुकला ते कळलं की आखणाऱ्याचा हात दिसू लागतो. एवढ्या फेऱ्या कुणी खेळेल असं खेळ लिहिणाऱ्यांना वाटलंच नसावं.

इथल्याच सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो हस्तलिखितं आहेत. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक आपलं नाव, तिथी लिहीत आणि पुष्कळदा हेही लिहीत, की समोर जसं होतं तसं उतरवलं, चुकीचा दोष मला देऊ नये. म्हणजे पोथीतली चूकसुद्धा कुणाची, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटे. आपल्याला का वाटू नये?

आता थोडं रागवायचं आहे, मुलांवर. मोबाइलवर कुणी तरी सांगतं आणि तुम्ही मान डोलावता. 'सिव्हिलायझेशन' या १९९१ च्या खेळात गांधीजी अणुबॉम्ब टाकतात, कारण म्हणे त्यांचा आक्रमकपणा १ होता, त्यातून २ वजा झाले आणि आकडा उलटून २५५ झाला. ऐकायला किती पटतं! 'पॅक-मॅन'चं खरं कारण आत्ताच ऐकल्यावर तर जास्तच पटतं. पण खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० च्या आत्मकथनात स्पष्ट लिहिलं, की अशी चूक त्या खेळात नव्हतीच. याच मालिकेतल्या २०१० च्या पाचव्या खेळात मात्र जॉन शेफर यांनी गांधींना अणुबॉम्बची ओढ मुद्दाम दिली, गंमत म्हणून. म्हणजे एक माणूस आहे, त्याचा एक निर्णय आहे, आणि आपण आकड्यावर बोट ठेवून मोकळे होतो.

आमच्या मंदिराच्या विमानाची, म्हणजे शिखराची, सावली जमिनीवर पडत नाही, हेही असंच जगभर फिरतंय. अहो, उन्हं कलल्यावर आवारात जाऊन उभे राहा. लांबच लांब पडते. देवळाच्या दारात राहणारी मुलं मला हे विचारतात तेव्हा वाईट वाटतं, कारण त्या शिखराची खरी गोष्ट, ते कोणी उभं केलं ही, भिंतीवर लिहिलेली असताना...

वेळ होत आला, खूण झाली आहे. दोन खेळ सांगायचे राहिले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा 'राजी', आणि टोरांटोच्या विसै गेम्सचा २०२३ चा 'वेंबा'. 'वेंबा'त परदेशी गेलेल्या तमिळ आईच्या पाककृतींच्या वहीतली अक्षरं पुसली गेली आहेत आणि इडली कशी करायची ते आपण ताडायचं असतं. त्यातल्या बारकाव्यांबद्दल खूप बोलता येईल, पुन्हा कधी. एवढंच करा, की हे दोन्ही खेळ संपल्यावर नावांची यादी सरकू लागते, तेव्हा बटण दाबून ती उडवू नका. पूर्ण वाचा. मोठ्यानं वाचा.

आणि तोमोहिरो निशिकादो! त्यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स', १९७८. शत्रू मारत गेलं की उरलेले वेगानं धावतात ना? तसं ठरवलेलं नव्हतं. काढायची चित्रं कमी झाली, यंत्रावरचा भार हलका झाला, म्हणून वेग वाढला. निशिकादोंनी ते पाहिलं आणि तसंच ठेवलं. हे नाव लिहून घ्या, निशिकादो.