वहीतले गाव

(वर्धा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

जानेवारी १९७५ मध्ये वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुढाकाराने नागपुरात पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. प्रमुख पाहुणे होते मॉरिशसचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. त्यांचे वडील मोहित अठराव्या वर्षी बिहारमधील हरिगाव सोडून १८९६ मध्ये मॉरिशसला उतरले होते. गिरमिटिया मजुराचा पुत्र पंतप्रधान होऊन पितृभूमीत आला. ज्या घराण्याला आपले मूळ गाव ठाऊक आहे, ते खरोखर भाग्यवान.

'ॲटलस' जहाजातून पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुई येथे पोहोचली. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे गेली. त्यांतली मराठी माणसे मुंबई बंदरातून निघाली, बरीचशी कोकणातली. त्यांनी नेलेला गणपती आज तेथील सार्वजनिक सुटीचा सण आहे. पण नेणाऱ्याचे गाव मात्र पुष्कळ घरांत विस्मरणात गेले.

ते शोधायचे कसे? जन्म-विवाहाच्या दाखल्यांवरून मागे जात पूर्वजाचा आप्रवासी क्रमांक मिळवायचा. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील जुन्या वह्यांत त्या क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जहाज, जिल्हा व गाव सापडते. अडचण पुढे आहे. परक्या कारकुनाच्या कानाने लिहिलेले गाव ओळखू येत नाही. शिवाय जिल्हेही बदलले. मालवणचा मनुष्य वहीत 'रत्नागिरी'चा असतो. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये. आपला वर्धा जिल्हा तरी कुठे जुना? तो नागपुरातून वेगळा झाला १८६२ मध्ये. त्याआधी कोणी आर्वीहून गेला असेल, तर त्याला नागपूर या नावाखालीच शोधावे लागेल.

इकडच्या बाजूला काय आहे? आपल्याकडे कुलवृत्तांतांची मोठी परंपरा. पण त्यांत इनामदार, शास्त्री, वकील भेटतात. दुष्काळात वा कर्जापायी घर सोडलेल्या मजुराला त्यांत पान नाही. हा आपल्याच समाजाचा दोष आहे, इंग्रजाचा नव्हे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या त्या मानाने उदार. यात्रेला आलेल्या कुणब्याचीही वंशावळ त्यांत उतरली आहे. वहीतले बापाचे नाव आणि चोपडीतले नाव जुळले, तर दोन तुटलेली टोके एकत्र येतात.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या भेटीत भारतवंशीयांच्या सातव्या पिढीलाही प्रवासी नागरिकत्वाची दारे उघडल्याचे जाहीर केले. तेव्हा असा कागद घेऊन कोणी गावी आला, तर त्याला चावडीवरून तहसिलीत आणि तहसिलीतून परत चावडीवर पाठवू नये. गावातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या ओट्यावर नेऊन बसवावे आणि आधी बापाचे नाव वाचून दाखवावे.