उत्तरायण आणि संक्रांत



संक्रांतीचें वाण देतांना, आज सूर्य उत्तरेकडे वळला, असें घरोघर सांगतात. खरें पाहतां त्याला वळून तीन आठवडे झालेले असतात. जालन्यांतील कोणत्याहि गच्चीवर एक सरळ काठी उभी करावी व तिचे बारा सारखे भाग कल्पावे. आपल्या ज्योतिषांचा बारा अंगुळांचा शंकु तो हाच. 21 किंवा 22 डिसेंबरला माध्यान्हीं त्याची सावली सुमारें सव्वाअकरा अंगुळें पडते. वर्षांतील सर्वांत लांब माध्यान्हछाया ती. 14 जानेवारीला ती साडेदहांवर आलेली असते.

ही ताटातूट कां झाली? संक्रांत आपण ताऱ्यांवरून मोजतों. ऋतु मात्र अयनावर चालतात. पृथ्वीचा अक्ष भोंवऱ्यासारखा सावकाश डोलत असल्यामुळें सुमारें 72 वर्षांत या दोहोंत एका दिवसाचें अंतर पडतें. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास दोन्ही दिवस एकच होते. टिळक पंचांगांत राशिचक्राचा आरंभ निराळा धरल्यानें संक्रांत 10 जानेवारीस येते, तरी अयन तिलाहि गांठत नाहीं. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1957 सालीं आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेंत सौर पौष 22 डिसेंबरला लागतो. लोकांची संक्रांत होती तेथेंच राहिली.

श्रद्धावंताला हा वाद क्षुल्लक नाहीं. शरपंजरीं पडलेले भीष्म प्राण धरून थांबले ते सूर्य वळण्यासाठीं, राशीच्या नांवासाठीं नव्हे. म्हणून उत्तरायणाचा पुण्यकाल ज्यांना पाळावयाचा त्यांनीं स्नानदान डिसेंबरांतच करावें, असें मला वाटतें. तिळगूळ मात्र जानेवारींतच शोभतो. सुगडांत घालावयाचा हरभरा, ऊस, बोरें हीं तेव्हांच हाताशीं असतात.

परतणाऱ्या प्रकाशाची ओढ कोणा एका धर्माची नाहीं. याच जिल्ह्यांतील जांब येथें 1608 सालीं समर्थ रामदास जन्मले. त्यांचे वडील सूर्याजीपंत सूर्योपासक होते अशी परंपरा आहे, आणि मुलाचें नांव ठेवलें नारायण. दुसरे नारायण, रेव्हरंड नारायण शेषाद्रि, यांनीं एकोणिसाव्या शतकांत जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. नाताळचा 25 डिसेंबर हा जुन्या रोमन पंचांगांतला अयनदिनच. 354 सालच्या एका रोमन संग्रहांत अजिंक्य सूर्याचा आणि ख्रिस्ताचा, दोघांचाहि जन्मदिन याच तारखेस नोंदलेला आहे. एकावरून दुसरा ठरला कीं काय, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं.

संक्रांतीच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अयनानंतर दिवस मोठा होऊं लागतो, पण आपल्या अक्षांशावर घड्याळाप्रमाणें सूर्योदय आणखी लांबतच जातो. वाढलेला सारा वेळ संध्याकाळच्या पदरांत पडतो. हा प्रकार साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. पहांटे उठून चूल पेटविणाऱ्या गृहिणीला उजाडणें अलीकडे येऊं लागल्याचें जाणवतें, तें सुगडें पुजून झाल्यावरच.