वळण आणि कित्ता

मुलाला वळण लावणें हा शब्दप्रयोग मराठींत इतका रुळलेला आहे कीं त्यांतील मूळ चित्राकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वळण जसें पाण्याला असतें तसेंच तें अक्षरालाहि असतें. आणि पूर्वींच्या शाळेंत अक्षराचें वळण साधावें म्हणून मुलापुढें कित्ता ठेवीत. मूल त्या कित्त्यावरून हात फिरवी, आणि कित्त्यांत जें असे तें त्यांतील दोषांसह त्याच्या हातीं उतरे. संसारांतहि असेंच घडतें. प्रत्येक आईबापापुढें त्यांच्या आईबापांनीं घालून दिलेला एक कित्ता असतो. पाळण्यांतील मुलाकडे पाहून कोणी मनाशीं म्हणतो, "आम्हांला जसें वाढविलें तसेंच याला वाढवूं." दुसरा म्हणतो, "आमच्या वांट्याला जें आलें तें याच्या वांट्याला येऊं देणार नाहीं." या दोन प्रतिज्ञांपैकीं खरी हिताची कोणती, याचा श्रोत्यांनीं आज थोडा विचार करावा.

यवतमाळसारख्या कापसाच्या मुलखांतील दोन-तीन पिढ्यांपूर्वींचें एखादें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या मुलास उचलून घेणें तरुण बापाला लाजिरवाणें वाटे. चुलत भावंडें ज्या नांवानें हाक मारीत त्याच नांवानें मूलहि आपल्या बापाला भाऊ, दादा किंवा काका म्हणे. प्रश्न विचारणें म्हणजे उलट बोलणें, आणि उलट बोलणें म्हणजे मार, असा सरळ हिशेब असे. बापाची माया मुलाला कळे ती बहुधा तिसऱ्याच्या तोंडून. मुलगी तर परक्याचें धन. हा विचार तिच्याबरोबरच घरांत जन्म घेई. कापसाच्या वेचणीचे दिवस आले कीं शाळेंतील जागा रिकाम्या होऊं लागत, आणि त्यांत पहिली जागा रिकामी होई ती तिची.

एवढेंच चित्र रंगवून थांबणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. त्याच घरांत मूल मोठ्या माणसांच्या कामांत मिसळलेलें असे. बाप त्याला जवळ घेत नसे, पण शेतांत बरोबर नेत असे. वखर कसा धरावा, आभाळ कसें ओळखावें, गड्याशीं कसें बोलावें आणि पाहुण्यापुढें कसें बसावें, हें कोणी पाठ म्हणून शिकवीत नसे. मूल तें पाहून उचली. विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशीं मोठ्यांचे बैल तोरणाखालीं उभे राहिलेले असतात. दुसऱ्या दिवशीं मुलें आपले लांकडी बैल सजवून तसेंच तोरण साधतात, आणि घरोघर बैल नेऊन बोजारा मिळवितात. त्या एका दिवशीं सारें गांव मुलाला सांगतें, "आम्ही जें करतों तें तुझेंहि आहे." जुन्या कित्त्यांत धाक होता हें खरें, पण त्यांत मुलाला स्थानहि होतें.

या कित्त्यांतील धाक काढून स्थान राखतां येईल काय? या प्रश्नावर ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांत एक काठेवाडचे वकील होते. त्यांचें नांव गिजुभाई बधेका. १९१३ सालीं त्यांना मुलगा झाला, आणि आपण ज्या शाळेंत धाकानें शिकलों तसल्याच शाळेंत यालाहि घालावयाचें काय, ही चिंता त्यांना लागली. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनांत आले, वकिली मागें पडली, आणि १९२० सालीं भावनगर येथें त्यांचें बालमंदिर उभें राहिलें. पुढें त्यांना ज्यांची जोड मिळाली त्या ताराबाई मोडक मराठीच. १८९२ सालीं मुंबईस जन्मलेल्या आणि विवाहानंतर कांहीं काळ वऱ्हाडांत, अमरावतीस राहिलेल्या या विदुषी १९२३ च्या सुमारास भावनगरास गेल्या.

ताराबाईंच्या घरचा कित्ता लक्षांत घेण्यासारखा आहे. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे. त्यांनीं विधवेशीं विवाह केला होता. म्हणजे रूढीविरुद्ध जाणें हेंच त्या घराचें वळण होतें. ताराबाईंनीं तें वळण राखलें; परंतु आईबापांनीं जें मोडलें होतें तेंच पुन्हां मोडीत त्या बसल्या नाहींत. आपल्या काळांत मोडण्याजोगें काय आहे तें त्यांनीं शोधलें, आणि त्यांची दृष्टि लहान मुलांच्या शिक्षणाकडे वळली. परदेशांतून आलेली पद्धतहि त्यांनीं डोळे मिटून गिरविली नाहीं. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्यांनीं खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें, तेव्हां महाग साधनांच्या जागीं शिंपल्या, बिया, खडे व पानें आलीं. मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. अंगणवाडी हें नांव त्यांतून रूढ झालें, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळें तें देशभर पोंचलें. पुढें कोसबाडच्या टेकडीवर त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणशाळा चालविली. शिक्षण द्यावयाचें म्हणून मुलाला आईबापांच्या कामापासून तोडून आणलें नाहीं. जेथें गुरें चरत तेथें शाळा गेली. आईबापांचें जगणें हें मुलाच्या शिक्षणाचें शत्रु नव्हे, ही जाणीव त्या कुरणांत होती.

याच जाणिवेचें दुसरें उदाहरण खुद्द यवतमाळ जिल्ह्यांत आहे. पुसदजवळील गहुली या बंजारा तांड्यावर १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक. तांड्यावर शाळा नव्हती. म्हणून शेजारच्या निरनिराळ्या गांवीं पायपीट करीत मुलाचें प्राथमिक शिक्षण झालें. पुढें अमरावती आणि नागपूर गांठून १९४० सालीं तो कायद्याची पदवी घेऊन परतला. बापाच्या आयुष्यांत जें नव्हतें तें त्यानें मुलाला दिलें. मुलगाहि सर्वच बाबतींत बापाच्या वाटेनें चालला नाहीं. १९४१ सालीं त्यानें आपल्या समाजाबाहेरील वत्सलाबाई घाटे यांच्याशीं विवाह केला. तरीहि डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असतांना त्यांच्या बोलण्यांत व कामांत शेती हाच विषय वारंवार येई, आणि त्यांचा जन्मदिवस आज राज्यांत कृषिदिन म्हणून पाळला जातो. शेतापासून दूर शिकावयास पाठविलेला मुलगा शेताला पारखा झाला नाहीं. त्याला घरांतून नवी वाट मिळाली. जुन्या वाटेची लाज मात्र मिळाली नाहीं.

आतां आजच्या घरांकडे वळूं. कापूस पिकविणाऱ्या गांवांतून आज पुष्कळ बापांच्या तोंडीं एकच वाक्य ऐकूं येतें : "माझ्या पोरानें शेती करूं नये." या वाक्याला दोष देण्याचा अधिकार शहरांतील माणसाला नाहीं. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जानेवारी २०१९ मध्यें यवतमाळ येथें भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें उद्घाटन याच जिल्ह्यांतील वैशाली येडे यांच्या हस्तें झालें. त्यांच्या शेतकरी पतीनें आत्महत्या केली होती. अशा घरांतील आई मुलाला फवारणीच्या पंपापासून दूर ठेवते, ती भित्री म्हणून नव्हे. परंतु तिच्याच घरांत एक सूक्ष्म धोका असतो. "माझ्यासारखा होऊं नकोस" हें वाक्य रोज ऐकणारें मूल हळूहळू त्याचा अर्थ "माझ्यासारखीं माणसें कमी प्रतीचीं" असा लावूं लागतें. मग तें शहरांत शिकतें, नोकरी धरतें, आणि गांवच्या बापाची मित्रांशीं ओळख करून देतांना चांचरतें. बापानें मुलाला संकटांतून सोडविलें; पण त्याच ओघांत स्वतःलाहि मुलाच्या मनांतून सोडविलें.

शहरांतील सुशिक्षित घरांत हीच गोष्ट वेगळ्या वेषांत वावरते. लहानपणीं ज्याला एका पेन्सिलीसाठीं आठ दिवस थांबावें लागलें, तो बाप मुलाला आठ मिनिटेंहि थांबूं देत नाहीं. जिला गाणें शिकूं दिलें नाहीं ती आई, मुलीला गळा असो वा नसो, गाण्याच्या शिकवणीला बसविते. ज्यानें छडी खाल्ली तो म्हणतो, "आमच्या घरीं मुलावर हात उगारीत नाहीं." ही गोष्ट खरोखरच चांगली आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळहि मना केला आहे. पण तेंच कलम घराच्या उंबरठ्याआंत लावून पाहिलें तर काय दिसेल? छडी गेली आणि तिच्या जागीं टक्केवारी आली. शेजारच्या मुलाचे गुण जेवणाच्या ताटावर मोजले जाऊं लागले. मार अंगावरून ओसरतो. तुलना मनांत मुरते.

म्हणून असें म्हणावेंसें वाटतें कीं आईबापांच्या अगदीं उलट वागणें हेंहि त्यांचेंच अनुकरण आहे. आरशांत अक्षर उलटें दिसतें, परंतु तें तेंच अक्षर असतें. जो बापासारखा वागतो आणि जो हट्टानें बापाच्या विरुद्ध वागतो, त्या दोघांचीहि नजर बापावर खिळलेली असते. समोर बसलेलें मूल दोघांनाहि दिसत नाहीं. त्या मुलाचा स्वभाव, त्याचें भय, त्याची आवड हीं आजोबांच्या काळचीं नाहींत आणि बापाच्या लहानपणचींहि नाहींत.

तर मग जुन्या कित्त्याचें काय करावें? वऱ्हाडांतील वेचणारी बाई कापूस वेंचते तेव्हां सबंध बोंड ओरबाडीत नाहीं. ती बोंडांतील स्वच्छ कापूस तेवढा काढून घेते, वाळका पाचोळा त्यांत येऊं देत नाहीं, आणि किडका कवडी कापूस निराळा ठेवते. घाई झाली कीं कापसांत कचरा येतो आणि भाव उतरतो. आईबापांपासून आलेलें वळणहि असेंच बोटांनीं वेंचावें लागतें. मुलाला कामांत सामील करून घेणें, पाहुण्याचा मान, अन्नाची किंमत, थांबण्याची संवय, हा स्वच्छ कापूस. बापाचा अबोला, मुलीला मिळालेलें दुय्यम ताट, कारण न सांगतां केलेली शिक्षा, हा पाचोळा.

ही वेंचणी एकट्यानें होत नाहीं. ज्या घरांत आजी-आजोबा आहेत तेथें त्यांना एकदां आदरानें विचारावें, "बाबा, तुम्ही तेव्हां असें कां वागलांत?" पुष्कळदां त्या कठोरपणामागें दुष्काळ, कर्ज, घरांतील आजारपण किंवा त्यांच्याहि वडिलांचा धाक निघतो. कारण कळलें कीं राग उतरतो, आणि राग उतरला म्हणजे काय ठेवावें व काय टाकावें हें अधिक स्वच्छ दिसतें. त्याचप्रमाणें आपण मुलाला जें करूं देतों किंवा नाकारतों त्याचें कारण त्याला त्याच्या समजुतीप्रमाणें सांगावें. तें कारण त्याला आज पटेलच असें नाहीं. पण उद्यां त्याच्या घरीं पाळणा हलेल तेव्हां त्याच्यापुढें नुसता कित्ता असणार नाहीं; तो तसा कां घातला हेंहि त्याला ठाऊक असेल, आणि त्यांतलें काय गिरवावें व काय खोडावें हें त्याचें तो ठरवूं शकेल.