हातभार नव्हे, धंदा

कुणी धान्य निवडत असाल, कुणी चूल पेटवत असाल, कुणी आताच शेतातून आला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

आज आपण बोलणार आहोत धंद्यासाठी मन कसं तयार करायचं याबद्दल. कर्ज, यंत्र, प्रशिक्षण यांवर गटाच्या बैठकीत पुष्कळ चर्चा होते. पण आम्ही समन्वयक गावोगाव बैठकांना जातो तेव्हा एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं, "तेवढाच घराला हातभार." वाक्य साधं आहे, त्यात प्रेमही आहे. पण हातभार म्हटलं की हिशोब लागत नाही, दर्जा लागत नाही, सुट्टी कधीही घेता येते. धंदा म्हटला की हे सगळं लागतं. म्हणून पहिली गोष्ट ही, की आपण जे करतो त्याला धंदा म्हणायला शिकायचं.

लिज्जत पापड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तो सुरू कसा झाला ते बघू. १५ मार्च १९५९ या दिवशी मुंबईत गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. त्यांतल्या एक जसवंतीबेन पोपट. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड झाले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पुढे जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि आज त्या संस्थेत हजारो बायका काम करतात.

आता यात आपल्या कामाचं काय आहे? त्या सात जणींना छगनलाल पारेख नावाचे एक जाणकार गृहस्थ सल्ला देत. सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत. सुरुवातीला या बायका दोन प्रकारचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच पापड करा, चांगला करा, दर्जा कधी सोडू नका. हिशोब चोख ठेवा. आणि तोटा झाला तरी देणगी घेऊ नका, हा धंदा म्हणून चालवा. त्या बायकांनी ते ऐकलं, आणि पाळलं.

पहिल्याच पावसाळ्यात अडचण आली. ऊन नाही तर पापड वाळणार कसे? चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, खाली शेगडी ठेवली आणि वर पापड वाळवले. काम पावसातही चालू राहिलं. बघा, यात मोठं यंत्र नव्हतं, मोठं कर्ज नव्हतं. "पावसाळ्यात पापड होत नाहीत" असं म्हणून त्या थांबल्या नाहीत. "पावसाळ्यात कसे होतील" असं त्यांनी विचारलं. धंद्याचं मन म्हणतात ते हेच.

आता आपल्या घराकडे येऊ. आपली सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे आपण स्वतःचे कष्ट फुकट धरतो. एक हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा, दोघी जणी मिळून एका दिवसात शेंगदाण्याच्या चटणीची पाव किलोची २० पाकिटं करतात. शेंगदाणे ७०० रुपयांचे. तिखट, लसूण, जिरे, मीठ २५० रुपयांचं. पिशव्या आणि लेबल १०० रुपये. गॅस आणि वीज ५० रुपये. झाले १,१०० रुपये. म्हणजे एका पाकिटाला ५५ रुपये. पाकीट ६० रुपयांना विकलं, आणि आपण खुश, की पाच रुपये सुटले.

पण थांबा. २० पाकिटांवर सुटले १०० रुपये. दोघींत वाटले तर एकीला दिवसाचे ५० रुपये. त्याच दिवशी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलो असतो तर समजा ३०० रुपये मिळाले असते. म्हणजे आपण नफा केला नाही, आपली मजुरी गिऱ्हाइकाला भेट दिली. दोघींची ६०० रुपये मजुरी धरली तर खर्च होतो १,७०० रुपये, एका पाकिटाला ८५. बाजाराला जायचं एसटीचं भाडं, मिक्सरची दुरुस्ती, न खपलेली दोन पाकिटं, हे धरून १०० रुपये किंमत ठेवली, तरच काहीतरी हाती उरेल.

यावर बायका म्हणतात, "१०० रुपयांना कोण घेईल?" प्रश्न बरोबर आहे. दुकानात तसंच पाकीट ८० ला मिळत असेल, तर दोन वाटा आहेत. शेंगदाणे हंगामात एकदम घेऊन खर्च कमी करायचा, नाहीतर दुसरा माल निवडायचा. पण हे आज, वहीवर कळलं, तर बरं. गटाच्या नावावर कर्ज काढल्यावर कळलं, तर हप्ता एकीचा थकतो आणि तोंड दहा जणींचं बंद होतं. म्हणूनच आम्ही म्हणतो, आधी २० पाकिटं करून विकून बघा, मग यंत्राचा विचार करा. लहान सुरुवात म्हणजे भित्रेपणा नव्हे.

दुसरी गोष्ट उधारीची. जाऊबाई मागतात, शेजारीण मागते, सरपंचांच्या घरून निरोप येतो. नाही म्हणायला जीभ वळत नाही. पण हा माल एकीचा नाही, गटाचा आहे. तेव्हा नियमही गटाने करावा आणि ठरावाच्या वहीत लिहावा, की उधार द्यायचं नाही, किंवा अमुक रकमेपर्यंत, अमुक दिवसांसाठी. मग "गटाचा नियम आहे, ताई" एवढं म्हटलं की पुरतं. नातंही टिकतं आणि पैसाही. तसंच विक्रीचे पैसे पिठाच्या डब्यात किंवा साडीच्या घडीत ठेवू नका. धंद्याचा डबा वेगळा, घराचा वेगळा. घरात नड असेल तर गटाकडून रीतसर कर्ज घ्या, पण गल्ल्यात हात घालू नका.

तिसरी गोष्ट बोलण्याची. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं. परवान्याचा अर्ज पहिल्यांदा नामंजूर झाला, कारण सभासद बायका निरक्षर. त्या लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाची गणितं घाला, तोंडी करून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. व्याज तर आपणही दर महिन्याला बैठकीत तोंडी काढतो. मग दुकानदारासमोर आपल्या मालाचा भाव सांगताना मान खाली कशाला?

एक खरं सांगायला हवं. नुसतं मन खंबीर असून धंदा चालत नाही. रस्ता लागतो, बाजार लागतो, भांडवल लागतं, घरच्यांची साथ लागते. एखादीचा धंदा बसला तर "तुझ्यातच जिद्द नाही" असं तिला कुणी म्हणू नये. गटाने तिच्यासोबत बसून वही उघडावी आणि पैसा कुठे अडकला ते शोधावं. आणि घरच्यांची साथ हवी असेल तर त्यांनाही आकडे दाखवा. "बाजारात कशाला जातेस" असं विचारणाऱ्याला महिन्याचा हिशोब दाखवला, की बोलणं बदलतं. भांडी-पाणी कोण बघणार, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम. बचत आणि परतफेड झाली की वहीचं एक कोरं पान घ्या. गट जो माल करतो किंवा करणार आहे, त्याचा खर्च लिहा. कच्चा माल, पिशवी, इंधन, प्रवास, आणि त्याखाली ठळक अक्षरात आपली मजुरी. लिहिता येत नसेल तिने तोंडी सांगावं, दुसरीने लिहावं. मग भाव ठरवा. तो भाव सगळ्या जणींनी एकदा मोठ्यानं म्हणा, म्हणजे बाजारात म्हणताना अडखळणार नाही.

पान भरलं की आपल्या गावच्या समन्वयक ताईला दाखवा. आम्ही येतोच आहोत. नमस्कार.