अर्नाळ्याच्या बेटावर अर्धा दिवस



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषण करणे माझे काम नव्हे. परंतु अर्नाळ्याच्या सहलीचा वृत्तान्त सांगण्याचे माझ्याकडे आले, तेव्हा पाहिले तेवढे सांगते.

सकाळचा स्वयंपाक उरकून निघायचे नि दुपारच्या चहाला घरी परतायचे, या अटीवर आम्ही बारा जणी निघालो. (पुरुषमंडळींना अशी अट कोणी घालीत नाही, हे जाता जाता.) विरारहून एस. टी.ने अर्नाळा, पुढे होडी. वाट थोड्याच मिनिटांची; पण होडीत चढायला गुडघाभर पाण्यातून जावे लागले. नऊवारीवाल्या कासोटा आवळून पुढे गेल्या, आम्हा पाचवारीवाल्यांची मात्र तारांबळ उडाली!

तिथला किल्ला मूळचा गुजरातच्या सुलतानाचा, मग पोर्तुगीजांचा. वसई आपल्या हाती आली १७३९ साली. त्याआधी दोन वर्षे, १७३७ मध्ये, मराठ्यांनी हे बेट घेतले. वैतरणेच्या मुखावर नजर ठेवणारी जागा ती! पुढे पहिल्या बाजीरावाच्या आज्ञेने किल्ला नव्याने बांधला. महाद्वारावर तसा शिलालेख आहे, बाजूला हत्ती कोरलेले आहेत. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ नि अष्टकोनी तळे. चोहोंकडे खारा समुद्र आणि तळ्यात गोडे पाणी! मी ओंजळभर चाखून पाहिले.

तटापेक्षा मी जास्त वेळ रमले ती कोळीवाड्यात. वलांडीवर बोंबील जबडे अडकवून वाळत घातले होते. वास येतो म्हणून आमच्यापैकी काहींनी पदर नाकाला लावला; मला ते आवडले नाही. कोणाच्या अन्नापुढे नाक धरू नये.

एक मावशी जाळी निवडीत बसल्या होत्या. त्यांनी पाण्यात बोट दाखवून म्हटले, "बाय, तिथवर आमचं अंगण होतं." उधाण दरसाल थोडी जमीन नेते. लेकीला बाळंतवेणा लागल्या तो पावसाळा होता, रात्र होती. चार पुरुषांनी तिला खुर्चीत बसवून होडीपर्यंत नेली. "पोर किनाऱ्याला पोचल्यावर झालं," असे त्या हसत म्हणाल्या. आम्हांला कोणालाच हसू आले नाही.

आम्ही पोळीभाजी पुढे केली, ती त्यांनी घेतली. बोंबलांचे पैसे मात्र चोख मोजून घेतले आणि वर दोन बोंबील जास्त घातले.