जहाजं गेली, खड्डे उरले

आज बोलायचंय समुद्राच्या तळाशी असलेल्या युद्धनौकांबद्दल. आणि सुरुवात एका चोरीपासून.

फेब्रुवारी १९४२. जावा समुद्रात जपानी आरमाराची आणि दोस्त राष्ट्रांच्या ताफ्याची लढाई झाली. त्यात ‘डी रॉयटर’, ‘जावा’ आणि ‘कोर्टेनार’ या तीन डच नौका बुडाल्या. शेकडो खलाशी गेले, ताफ्याचे प्रमुख कारेल डोरमनही गेले. ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ २००२ मध्ये डायव्हर्सना सापडल्या. पुढे २०१६ मध्ये, लढाईच्या पंचाहत्तराव्या स्मृतिदिनाच्या तयारीसाठी डायव्हर्स पुन्हा खाली उतरले, तर या दोन्ही नौका जागेवर नाहीत! तळाच्या गाळात फक्त त्यांच्या आकाराचे खड्डे. ‘कोर्टेनार’चाही मोठा भाग गायब.

आता १७० मीटर लांबीची नौका जाते कुठे? भंगारात. बार्जवरच्या क्रेनने लोखंडी पंजा खाली सोडायचा आणि ओरबाडून वर काढायचं. पोलाद विकलं जातं, ब्राँझच्या पंख्यांना तर आणखी भाव. पण त्या पोलादाच्या आत माणसं होती. कुटुंबांसाठी ती नौका म्हणजेच कबर.

मग कायदा काय करतो? युनेस्कोचा २००१चा करार सांगतो, अवशेष शक्यतो जागेवरच ठेवा, त्यांचा व्यापार करू नका. लोकांनी ते बघायलाही त्याची हरकत नाही, फक्त धक्का लावायचा नाही. पण अट अशी, की वस्तू किमान १०० वर्षं पाण्याखाली असायला हवी. म्हणजे १९४२च्या नौकांना हे संरक्षण लागू होणार २०४२ मध्ये. भंगारवाला तोवर कशाला थांबेल?

याच्या उलट उदाहरण बालीतल्या तुलांबेनचं. ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज १९४२ मध्ये टॉर्पेडो लागून तिथे किनाऱ्याला लागलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते घसरून पाण्यात गेलं. आज रोज डायव्हर्स ते बघायला येतात. गावातल्या बायका त्यांचे सिलिंडर डोक्यावरून वाहून नेतात आणि त्यावर घर चालवतात. जे जहाज गावाला जेवू घालतं, त्याच्याकडे गावाचं लक्ष राहणारच. अर्थात पर्यटकही नांगर टाकून, आठवण म्हणून तुकडे उचलून नासधूस करू शकतात. म्हणून नियम हवेतच. पण लांब, खोल, कुणाचीच नजर नसलेल्या जागी चोराला रान मोकळं मिळतं, हेही खरंच.

आणि हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या किनाऱ्यावर त्यांचं स्मारक आहे, तिथे लोक आवर्जून जातात. शंभर वर्षांच्या त्या हिशेबाने ‘खुकरी’ वारसा ठरेल २०७१ मध्ये. तिचा मान मात्र आपण आजपासूनच राखायला हवा, नाही का?

विचार करा, आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.